आंब्याखालची कोरडी सावली आणि रंगीत पानांची झुडपं

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"आमचा पुण्यात जुना एकमजली बंगला आहे. उत्तरेची भिंत आणि कंपाउंड यांच्या मध्ये २२ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा मोकळा आहे. त्यातल्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागावर शेजारच्यांच्या जुन्या आंब्याच्या फांद्या आल्यात, उरलेल्या भागावर घराचीच सावली. किचनच्या खिडकीतून मला दिवसभर हेच दिसतं, म्हणून तिथे बारा महिने रंगीत पानं दिसतील अशी झुडपं हवीत. गोल्डन ड्युरांटा, अ‍ॅकॅलिफा, क्रोटन सगळं लावून झालं. ड्युरांटा हिरवा पडला, अ‍ॅकॅलिफा गेला, क्रोटनच्या नुसत्या काड्या राहिल्या. पश्चिमेच्या टोकाला तर सावली असूनही मे महिन्यात पानं करपतात, ते कसं काय? नळ लांब आहे आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, तेव्हा बोअरचं पाणी. नातू अडीच वर्षांचा आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. आंबा छाटून घेतला तर काही फरक पडेल का?"

ताई, नमस्कार. पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही दिशा, मापं, काय लावलं आणि त्याचं काय झालं हे सगळं नीट लिहिलंय, नाहीतर "सावलीत काय लावू" एवढंच विचारतात आणि मग उत्तर देणं अवघड होतं. तुमच्या हातात काही दोष नाही हे आधी सांगते. जी तीन झाडं लावलीत ती तिन्ही उन्हाची आहेत, आणि नर्सरीत रंगीत पानांचं झाड मागितलं की सगळ्यात आधी हीच तीन पुढे करतात.

आधी मे महिन्याचं कोडं सोडवू, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. उत्तरेची भिंत म्हणजे कायम सावली असं आपण धरून चालतो, पण पुणं साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि वायव्येच्या बाजूला मावळतो, मेच्या मध्यावर तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात येतं ना, तोच) आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ज्या भिंतीला थेट ऊन लागत नाही, तिलाच एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आणि मेच्या मध्याला दुपारचंही ऊन मिळतं. तुमच्या पूर्व भागावर आंब्याची छत्री आहे म्हणून तिथे कळत नाही, पण पश्चिम टोक उघडं पडतं, आणि सहा महिने सावलीत राहून नाजूक झालेली पानं त्या आठ-दहा दिवसांत करपतात. तेव्हा तुमच्याकडे एक पट्टा नाहीये, दोन वेगवेगळ्या जागा आहेत, आणि दोन्हीकडे एकच झाड ओळीने लावायचा मोह टाळायचा.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. पावसाळ्यात एखादी दणकून सर येऊन गेली की खुरपं घेऊन आंब्याखाली जा आणि चार इंच माती उकरून बघा. वरचा पाऊण-एक इंच काळा, ओला दिसेल आणि त्याच्या खाली भुकटी, हाताला लागली की उडणारी. पाऊस पानांवर अडतो, जो खाली येतो तो आंब्याची मुळं वरच्यावर पिऊन टाकतात, आणि भिंतीच्या बाजूला छज्जा असेल तर तिथे तेवढंही पोचत नाही. त्यात जुन्या बंगल्याच्या भिंतीलगत बांधकामाचा राडारोडा, चुना, सिमेंटचे तुकडे पुरलेले असतात, त्यामुळे माती चुनखडीची होते आणि नवीन पान पिवळं येतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं तर पाणी वाढवून उपयोग नाही, तिथला राडारोडा काढून खड्ड्यात नवी माती आणि कंपोस्टच घालावं लागतं.

आता रंगाचं. मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हे की सावलीत लाल आणि सोनेरीच्या मागे लागू नका, सावलीचा रंग क्रीम, पांढरा आणि फिकट लिंबू पिवळा. याला कारण आहे. अ‍ॅकॅलिफाचा तांबडा किंवा क्रोटनचा केशरी-लाल रंग हा पानात भरपूर उजेड असेल तरच भरतो, ऊन कमी झालं की झाड तो रंग बनवायचंच कमी करतं आणि उपाशी राहू नये म्हणून हिरवं द्रव्य वाढवतं. गोल्डन ड्युरांटाचं तेच, त्याचा सोनेरीपणा उन्हातलाच, सावलीत तो आधी पोपटी आणि मग साधा हिरवा होतो. पण ज्या पानाचा काठ पांढरा किंवा पिवळा असतो, तिथल्या पेशींत मुळातच हरितद्रव्य नसतं किंवा अगदी कमी असतं, त्यामुळे तो काठ सावलीतही टिकतो. शिवाय अंधाऱ्या कोपऱ्यात मरून रंग लांबून काळाच दिसतो, खिडकीतून तुम्हाला तो दिसणारही नाही, आणि क्रीम काठाचं पान संध्याकाळी सहा वाजतासुद्धा उठून दिसतं. एवढं मात्र आहे की हिरवा भाग कमी म्हणून ही झाडं हळू वाढतात, एका वर्षात पट्टा भरून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आंब्याखालच्या भागासाठी माझी पहिली निवड साँग ऑफ इंडिया, म्हणजे पिवळ्या काठाचा ड्रॅसिना. पानं लहान, दाट, फांदीभोवती गोल फिरून येतात, आणि मुळं एकदा बसली की पाण्यावाचून आठवडा-दहा दिवस सहज काढतो. फार अंधार असेल तर उंच आणि विरळ होतो, तेव्हा शेंडा छाटायचा, खालून दोन-तीन फुटवे येतात, छाटलेला शेंडा पावसाळ्यात मातीत खोचला तरी लागतो. माणसाच्या उंचीपेक्षा वर जातो पण सावकाश, आणि चार फुटांवर ठेवायचा म्हटलं तर तसाही राहतो.

त्याच्या जोडीला व्हेरिगेटेड शेफलेरा, ज्याला नर्सरीत अंब्रेला प्लांट म्हणतात, पंज्यासारखी पानं, त्यावर पिवळे शिंतोडे. छाटणी कितीही सोसतो. याच्यात एक काळजी घ्यावी लागते, मधूनच एखादी फांदी पूर्ण हिरव्या पानांची येते. ती जोमदार दिसते म्हणून आपल्याला आनंद होतो, पण ती ठेवली तर दोन वर्षांत सगळं झाड हिरवं होतं कारण हिरवी फांदी जास्त वेगाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. दिसल्या दिवशी मुळापासून, म्हणजे जिथून फुटलीये तिथून, कापायची. हाच नियम सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या काठांच्या झाडांना.

तिसरं पांढऱ्या काठाचं अरेलिया. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या कडेला याची कुंपणं असायची, त्यामुळे आपली हवा त्याला चांगलीच मानवते. सरळ उभं वाढतं, चार फुटांच्या पट्ट्यात भिंतीलगत मागे लावायला याच्यासारखं दुसरं नाही. हिवाळ्यात थोडी पानं गाळतं, तेव्हा घाबरून पाणी ओतू नका.

लाल-गुलाबी हवंच असेल, आणि मला कळतं की हवं असणार, तर कॉर्डीलाइन घ्या. नर्सरीवाले बहुतेक लाल ड्रॅसिना म्हणूनच देतात. सावलीत क्रोटनपेक्षा याचा रंग पुष्कळ बरा टिकतो, पण याला आंब्याखाली घालू नका, दोन जागांच्या मध्ये, जिथे फांद्या संपतात आणि आकाश दिसायला लागतं तिथे दोन-तीन रोपं एकत्र लावा. पाणी बाकीच्यांपेक्षा जास्त लागतं म्हणून नळापासून जी बाजू जवळ असेल तिकडे. कॅरिकेचर प्लांट, म्हणजे ग्रॅप्टोफायलम, हाही इथेच चालेल, चॉकलेटी-गुलाबी पानावर मधोमध वेडावाकडा डाग असतो, क्रीम रंगाचाही मिळतो आणि मिळाला तर तोच घ्या.

पश्चिम टोकाला आता तुम्ही क्रोटन परत लावू शकता, ऐकून आश्चर्य वाटेल. पण ते मोठ्या लाल पानांचे नकोत, गोल्ड डस्ट नावाचा बारीक पिवळ्या ठिपक्यांचा क्रोटन येतो, तो कमी उजेडातही ठिपके सोडत नाही आणि उन्हालाही पुरून उरतो. फक्त क्रोटनला जागा बदललेली आवडत नाही, लावल्यावर महिनाभरात पानं गाळतो. तेव्हा नखाने खोड जरासं खरवडून बघायचं, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, थांबायचं, उपटायचं नाही. मला शंका आहे की तुमच्या काड्यांपैकी एखाददुसरी अजून जिवंत असेल, आधी तीच तपासा.

झुडपांच्या पायाशी मोकळी माती दिसते, तिथे पिवळ्या काठाचा सॅन्सेव्हेरिया म्हणजे स्नेक प्लांट. कोरड्या सावलीत याला तोड नाही, मरतो तो जास्त पाण्यानेच. मैत्रिणीकडून आणणार असाल तर नुसतं पान आणू नका, पान कापून लावलं तर येणाऱ्या नवीन रोपाला पिवळा काठ येत नाही, गड्ड्यासकट फुटवा काढूनच लावावा लागतो. आणि सगळ्यात पुढे, वाटेच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट.

ते पुढे का, तर नातवामुळे. स्पायडर प्लांट विषारी नाही, पान तोंडात गेलं तरी चिंता नाही. बाकीच्यांचं तसं नाही, शेफलेराचं पान चावलं तर तोंड चुरचुरतं, क्रोटनचा चीक कातडीला खाजतो, सॅन्सेव्हेरियाही पोटात जाऊ नये. म्हणून ही सगळी भिंतीकडे, मागच्या ओळीत, आणि नातू थोडा मोठा होईपर्यंत पुढे दीड फुटाची जाळी उभी करा. पण तीन झाडं अशी आहेत की ती या पट्ट्यात आणूच नका, कोणी फुकट दिली तरी. डिफेनबाकिया, तो कुंडीत ठेवतात तो पांढरट डागांच्या मोठ्या पानांचा, याचं पान किंवा देठ चावला तर जीभ आणि घसा सुजतो. विलायती शेर, तो पांढऱ्या-गुलाबी पानांचा नागमोडी काड्यांचा, कोरड्या जागेसाठी सगळे हमखास सुचवतात आणि टिकतोही, पण त्याचा दुधी चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. आणि एक्झोकेरिया, वरून हिरवं खालून मरून पान, सावलीत दिसतं सुरेख, चीक तितकाच वाईट. घरात लहान मूल नसतं तर मी हे शेवटचं नक्की सुचवलं असतं.

लावायचं कसं हे जरा सविस्तर सांगते कारण आंब्याखाली झाडं जातात ती बहुतेक वेळा पहिल्या उन्हाळ्यात. लावणी जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात करा. पट्टा सलग खणायचा नाही, आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच जास्त असतात, ती सरसकट तोडली तर आंबा दुखावतो आणि शिवाय दोन महिन्यांत त्याच मोकळ्या मातीत दुप्पट मुळं परत येतात. खुरप्याने चाचपत जायचं, जाड मूळ लागलं की सहा इंच बाजूला सरकायचं, आणि रोपापुरताच खड्डा घ्यायचा. म्हणून रोपंही लहान आणा, सहा-आठ इंची पिशवीतली, मोठ्या कुंडीतलं तयार झाड तिथे बसणारच नाही आणि लहान रोप नव्या जागेशी जास्त लवकर जुळवून घेतं. मुळं झाकायची म्हणून वर अर्धा फूट मातीचा थर टाकायचा असाही सल्ला मिळेल, तो घेऊ नका, मातीच्या थराखाली आंब्याच्या मुळांची हवा कोंडते.

नर्सरीतलं रोप चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतं. हा गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो, आपण वरून पाणी घालतो ते कडेने निघून जातं आणि आत मुळं कोरडीठाक, वरून माती ओली म्हणून आपण समाधानात. लावायच्या आधी रोप पिशवीसकट बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, पिशवी फाडून कडेचा गोळा बोटांनी हलका मोकळा करा आणि मग लावा. खड्ड्यात अर्धी जुनी माती, अर्धं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. युरियाच्या नादी लागू नका, नुसता हिरवा पाला वाढतो.

पाण्याचं बघा, पहिलं वर्ष सूट नाही. पाऊस पडत असला तरी आंब्याखालच्या रोपांना आठवड्यातून एकदा पाणी द्यायचं, आणि फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा, प्रत्येक झाडाला चार-पाच लिटर, सावकाश. रोज तांब्याभर शिंपडलेलं पाणी वरच्या वर आंबाच पितो. नळ लांब आहे म्हणता तर दोन झाडांच्या मध्ये एक साधं, रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि आठवड्यातून दोनदा भरा, ते झिरपत राहतं. वर परळ किंवा चपटा दगड घट्ट बसवायचाच, उघड्या मडक्यात डेंग्यूचे डास होतात. आंब्याची मुळंही मडक्याकडे ओढली जाणार हे खरं, पण तरी झाडांना त्यांचा वाटा मिळतो. दुसऱ्या उन्हाळ्यापासून आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी पुरेल, कॉर्डीलाइन सोडून.

बोअरच्या पाण्याने ड्रॅसिना आणि कॉर्डीलाइनची टोकं तपकिरी होतात, ते क्षार साठल्याने. रोग समजून औषध मारू नका, टोक कात्रीने पानाच्या आकारात कापा आणि जमेल तेव्हा महापालिकेचं पाणी भरपूर द्या म्हणजे क्षार खाली धुतले जातात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी पुष्कळ जण अशा कोपऱ्यात सोडतात, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात, ते फरशी पुसायला वापरा.

आंब्याखाली आणखी एक गोष्ट होणार आहे ती आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे फेब्रुवारीत तुम्ही घाबरणार नाही. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खालच्या पानांवर पडतो. बोट लावलं तर पान मध लागल्यासारखं चिकट लागतं, मग त्यावर धूळ बसते आणि थोड्या दिवसांत काजळीसारखी काळी बुरशी धरते, सगळा क्रीम काठ झाकून जातो. झाडाला तो रोग नाही, बुरशी फक्त चिकट्यावर वाढते, पण उजेड अडतो. त्या दोन महिन्यांत आठवड्याला एकदा पाइपने पानं धुवायची, जास्त झालं तर ओल्या फडक्याने पुसायची. नाहीतरी या कोपऱ्यात पाऊस पानं धूत नाही, त्यामुळे एरवीही महिन्यातून एकदा धुतली तर रंग निम्म्याने उजळतो. पिठ्या ढेकूण दिसला, पांढरा कापसासारखा, देठाच्या बेचक्यात बसतो, तर आधी पाण्याच्या जोराने उडवा आणि मग निमतेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

आंब्याचा पडलेला पाला झाडून जाळू नका, शेजारीही जाळत असतील तर मागून घ्या. दोन-तीन इंचांचा थर झुडपांखाली पसरा, खोडापासून चार बोटं लांब ठेवून. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही, आणि इथे आपल्याला तेच हवंय, मातीतला ओलावा बराच टिकतो.

छाटणीबद्दल. झाड शेजाऱ्यांचं आहे, त्यामुळे आधी त्यांच्याशी बोलणं आलं, आणि पुण्यात फांद्या तोडायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, १९७५ चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे. पण खरं सांगू का, मी छाटायला सांगणार नाही. एक-दोन फांद्या कमी करून कोरडेपणा कमी होत नाही, मुळं तिथेच राहतात, आणि मेमध्ये पूर्वेकडचा भागही पश्चिमेसारखा करपायला लागेल. फारतर अगदी खाली लोंबणाऱ्या, डोक्याला लागणाऱ्या बारीक डहाळ्या फळं उतरून झाल्यावर, परवानगीनेच, काढून घ्या, तेवढ्याने बाजूचा उजेड आत येतो.

खरेदीला जायच्या आधी एकदा एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या मोठ्या झाडांखालून फिरून या, तिथे सावलीत कुठलं पान कसं दिसतं ते डोळ्यांनी बघता येईल. रोपं सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या बाजूला ओळीने नर्सऱ्या आहेत तिकडे मिळतील. तिथे शेडनेटखाली ठेवलेली मागा, भर उन्हातली आणून सरळ आंब्याखाली लावली तर पानं गाळणार. यंदा सगळा पट्टा भरू नका, साँग ऑफ इंडिया तीन, शेफलेरा दोन, अरेलिया तीन आणि पश्चिमेला दोन गोल्ड डस्ट, मध्ये तीन-तीन फूट अंतर ठेवून. कॉर्डीलाइन आणि खालचं स्पायडर प्लांट पुढच्या जूनमध्ये, यातली कुठली झाडं उन्हाळ्यातून पार पडली ते बघून.